राष्ट्रीय दिन, सणवार आणि ऋतूंसाठी सार्वजनिक ग्रंथालयाचा उपयोग कसा करावा

महाराष्ट्रातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे या दिवशी देवघेवीसाठी बंद असतात. सकाळी ध्वजवंदन होते, काही ठिकाणी दर्शनी भागात ग्रंथप्रदर्शन मांडलेले असते, आणि नंतर दाराला कुलूप लागते. म्हणून या दिवसांसाठी भाषण, भित्तिपत्रक, नाटिका किंवा सोसायटीतील कार्यक्रम तयार करायचा असेल, तर ग्रंथालयाची पायरी निदान पंधरा-वीस दिवस आधी चढावी लागते. आदल्या संध्याकाळी जाणाऱ्याला बालविभागात भाषणांच्या दोन-चार पुस्तिका असल्याचे कळते, त्याही बहुधा बाहेर गेलेल्या असतात, आणि ‘इथे काही मिळत नाही’ असा ग्रह करून घेऊन तो परततो. त्याच इमारतीत, संदर्भ विभागाच्या कपाटात आणि बांधीव अंकांच्या मांडणीवर, त्याच्या तालुक्यातील स्वातंत्र्यलढ्याची आणि त्याच्या गावच्या जत्रेची नोंद असण्याची शक्यता मात्र बरीच असते. ती नोंद कशी शोधावी, ग्रंथपालांकडे काय मागावे आणि कोणत्या प्रसंगासाठी कोणते साधन हाताशी घ्यावे, हे पालक, शिक्षक आणि मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासाठी येथे मांडले आहे.

आधी ग्रंथालयाची जात ओळखावी

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्याखाली राज्याची ग्रंथालय व्यवस्था उभी आहे. शासन स्वतः चालवते ती ग्रंथालये मोजकी. बाकीची हजारो ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात आणि त्यांना शासनाची मान्यता व अनुदान मिळते. ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास इत्यादी निकषांवर त्यांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग ठरतात. गावातील ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात कथा-कादंबऱ्या, बालवाङ्मय, वर्तमानपत्रे आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके असतात. तेथे जाडजूड संदर्भग्रंथांची अपेक्षा धरणे त्या वाचनालयावर अन्याय करणारे आहे. अशा ग्रंथांसाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचे ‘अ’ वर्ग ग्रंथालय, शासकीय जिल्हा ग्रंथालय किंवा विभागीय ग्रंथालय गाठावे.

ग्रंथालयाचे वय ही आणखी एक उपयोगी खूण आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. या संस्थांच्या वाचनकक्षांत असहकाराच्या, मिठाच्या सत्याग्रहाच्या आणि १९४२ च्या बातम्या ताज्या असताना वाचल्या गेल्या. जी संस्था त्या काळी चालू होती, तिच्याकडे त्या काळची नियतकालिके, स्मरणिका, वार्षिक अहवाल आणि स्थानिक लेखकांच्या पुस्तिका शिल्लक असू शकतात. म्हणून आपल्या जिल्ह्यात सर्वांत जुने वाचनालय कोणते, हे आधी विचारून घ्यावे.

सभासद नसणाऱ्यांनी बिचकण्याचे कारण नाही. वृत्तपत्र वाचनाचा विभाग बहुतेक ठिकाणी सर्वांना खुला असतो, आणि संदर्भग्रंथ तेथेच बसून पाहायचे असल्यास ग्रंथपालांना कारण सांगून परवानगी मिळवता येते. पुस्तके घरी न्यायची असतील तर प्रवेश फी, अनामत आणि वर्गणी भरावी लागते. घरात शाळकरी मूल असेल, तर बालविभागाचे सभासदत्व जून महिन्यातच घेऊन ठेवावे, कारण शालेय वर्षातील पहिला मोठा कार्यक्रम दीड-दोन महिन्यांतच येतो.

मागणी नेमकी करावी

‘१५ ऑगस्टवर काही आहे का?’ या प्रश्नाला खिडकीवरचा कर्मचारी एकच उत्तर देऊ शकतो : भाषणांची पुस्तिका. तीच मागणी ‘मुलगी सातवीत आहे, तिला पाच मिनिटे बोलायचे आहे, आणि आमच्या तालुक्यात १९४२ साली काय घडले ते तिला सांगायचे आहे’ अशी केली, की अनुभवी ग्रंथपाल उठून संदर्भ विभागाकडे जातात. प्रसंग कोणता, ऐकणारे किंवा वाचणारे कोण, वेळ किंवा जागा किती आणि कोणत्या गावाशी संबंध हवा, या बाबी एका कागदावर लिहून न्याव्यात. पुस्तकाचे नाव माहीत नसले तरी काही बिघडत नाही. विषयावरून पुस्तक काढून देणे हेच ग्रंथपालांचे शास्त्र आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांतले चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचे आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

ज्या ग्रंथालयात ड्युई दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला क्रमांक देऊन, मांडणी आहे, तेथे थोडे क्रमांक लक्षात ठेवल्यास स्वतः कपाटाशी जाऊन शोधता येते. सण आणि उत्सव ३९४.२६ या क्रमांकाखाली, राज्यघटना व घटनात्मक कायदा ३४२ खाली, भारताचा इतिहास ९५४ खाली आणि कालगणना ५२९ खाली मिळते. छोट्या वाचनालयांत मात्र पुष्कळदा दाखल क्रमांकानुसार (पुस्तके ज्या क्रमाने आली त्या क्रमाने) किंवा चरित्र, इतिहास, धार्मिक अशा ढोबळ गटांनुसार मांडणी असते; तेथे छापील ग्रंथयादी मागून घेणे हा जवळचा मार्ग. आणखी दोन गोष्टींची आठवणीने चौकशी करावी, कारण त्या ग्रंथयादीत सापडतीलच असे नाही : कात्रणसंग्रह आणि स्मरणिका. कित्येक ग्रंथपालांनी स्थानिक घटनांची कात्रणे वर्षानुवर्षे विषयवार चिकटवून ठेवलेली असतात, आणि ती पाहायला कोणी येत नाही याची त्यांना खंत असते.

एक भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सोलापुरातील एका विद्यार्थ्याला प्रजासत्ताक दिनाला बोलायचे आहे असे समजू. साधारण भाषण ‘आज २६ जानेवारी’ पासून सुरू होते आणि थोरांच्या नामावळीवर संपते. त्याऐवजी त्याने पुढील क्रमाने काम करावे.

पहिल्या भेटीत मराठी विश्वकोश उघडावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झालेला हा कोश अकारविल्हे आहे, त्यामुळे नोंद शोधायला सोपा आहे. त्यातून राष्ट्रीय पातळीवरचा धागा पक्का करावा : डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर अधिवेशनात काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला, २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला, आणि त्या तारखेचा मान राखण्यासाठी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झालेले संविधान २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणे अमलात आणले गेले. एवढ्याने ‘संविधान दिन वेगळा आणि प्रजासत्ताक दिन वेगळा का?’ या नेहमीच्या प्रश्नाचेही उत्तर मिळते.

दुसऱ्या भेटीत सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सर्वांगीण माहिती देणारा शासकीय ग्रंथ, मागावे. गॅझेटियरच्या दोन पिढ्या असतात : इंग्रज राजवटीत निघालेली आणि स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाने काढलेली. स्वातंत्र्यलढा दुसऱ्या पिढीत सापडतो. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. प्रजासत्ताक दिनाच्या अवघे चौदा दिवस आधी त्यांची पुण्यतिथी येते. भाषणाची सुरुवात येथून झाली, तर समोर बसलेल्या शाळेला शहरातला हुतात्मा चौक निराळा दिसू लागतो.

तिसऱ्या भेटीत शासनाच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटियर) विभागाने काढलेल्या स्वातंत्र्यसैनिक चरित्रकोशाचे विभागवार खंड पाहावेत. यांत साध्यासुध्या माणसांच्या नोंदी आहेत : नाव, गाव, कोणत्या चळवळीत भाग घेतला, किती शिक्षा झाली. एकेक नोंद चार-सहा ओळींचीच असते, आणि तिचे मोल त्या थोडकेपणातच आहे. आपल्याच पेठेतील किंवा शेजारच्या खेड्यातील एखादे नाव सापडले, तर ते भाषणात जरूर घ्यावे. मला विचाराल तर मुलाला या पानाशी प्रत्यक्ष बसवावे आणि नाव त्यालाच शोधू द्यावे. मोठ्यांनी शोधून आयते हाती दिलेले नाव तो पाठ करील, पण स्वतः सापडलेले विसरणार नाही.

शेवटची पायरी म्हणजे तारखा आणि अवतरणे तपासणे. ती टाळल्यामुळे दरवर्षी त्याच त्या चुका माइकवरून ऐकू येतात. उदाहरणार्थ, पंडित नेहरूंनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर तिरंगा फडकवला, असे सर्रास सांगितले जाते. लाल किल्ल्यावरचा तो पहिला समारंभ १६ ऑगस्टला झाला. मोबाइलवर फिरणारी थोरांची वचने तर बहुतेक वेळा निराधार असतात. ज्या वचनाला ग्रंथाचे नाव आणि पृष्ठ देता येत नाही, ते भाषणात घेऊ नये, एवढा एक नियम शिक्षकांनी ठेवला तरी पुष्कळ सुधारणा होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत तर हे अगदी सहज करता येते, कारण त्यांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केली आहेत आणि मोठ्या ग्रंथालयांत ते खंड असतात.

आपल्या भागाचा दिवस कोणता

राष्ट्रीय दिन सर्वांचे एकच असले, तरी महाराष्ट्राच्या प्रत्येक विभागाची स्वातंत्र्याची तारीख एक नाही, आणि हे ध्यानात ठेवून साहित्य मागितले तर कार्यक्रमाला खरा अर्थ येतो. मराठवाडा १५ ऑगस्ट १९४७ रोजी निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात आले, आणि म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन १७ सप्टेंबरला असतो. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. शेजारचा गोवा तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, २१ नोव्हेंबर १९५५ चा फ्लोरा फाउंटनचा गोळीबार आणि १ मे १९६० ची राज्यस्थापना यांवरचे साहित्य मुंबईच्या ग्रंथालयांत विशेष समृद्ध आहे.

ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत तर स्थानिक दिवसांची रांगच लागते. चिमूर आणि आष्टी येथील १६ ऑगस्ट १९४२, नंदुरबार आणि वडूज येथील ९ सप्टेंबर १९४२, उरण तालुक्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचा २५ सप्टेंबर १९३० : स्वातंत्र्यलढ्यातील हे दिवस त्या त्या भागात आजही पाळले जातात. अशा ठिकाणच्या वाचनालयात स्मृतिदिनानिमित्त निघालेल्या पुस्तिका व विशेषांक असतात, ज्यांची प्रत अन्यत्र कोठेही मिळत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातील मंडळाला असे काही हवे असल्यास तेथील ग्रंथालयाला रीतसर पत्र लिहावे. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडून मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे पत्ते मिळतात.

१४ एप्रिलचा येथे वेगळा उल्लेख करायला हवा. आंबेडकर जयंतीनिमित्त सलग अठरा तास अभ्यास करण्याचा उपक्रम राज्यातील अनेक महाविद्यालयांत आणि ग्रंथालयांत होतो. आपल्या वस्तीतील तरुणांना असा उपक्रम घ्यायचा असेल, तर वाचनकक्ष रात्री उघडा ठेवावा लागतो, आणि त्यासाठी ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाची संमती लागते. ती विनंती मार्चच्या मासिक सभेपूर्वी लेखी द्यावी.

ध्वज आणि संविधान : येथे जुने पुस्तक चालत नाही

इतिहासासाठी पुस्तक जितके जुने तितके अनेकदा चांगले. नियमांच्या बाबतीत मात्र उलटे आहे. भारतीय ध्वज संहिता, २००२ ही २६ जानेवारी २००२ पासून लागू झाली. तिच्यात ३० डिसेंबर २०२१ रोजी बदल होऊन पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर तयार केलेल्या ध्वजांना परवानगी मिळाली, आणि जुलै २०२२ मधील दुरुस्तीनंतर नागरिकाला आपल्या घरावर ध्वज दिवसा तसाच रात्रीही फडकवता येतो. त्याआधी छापलेल्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘सूर्यास्तापूर्वी उतरवावा’ असे वाचून सोसायटीत वाद झालेले आहेत. म्हणून ध्वजाविषयीचे पुस्तक हाती घेताच आधी त्याचे प्रकाशनवर्ष पाहावे आणि शंका आल्यास संहितेची अद्ययावत प्रत मागावी. ध्वजाच्या लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ आणि केशरी पट्टा वर, या गोष्टी बदललेल्या नाहीत. भित्तिपत्रक करणाऱ्या मुलांना त्या मोजपट्टी घेऊनच दाखवाव्यात. महाराष्ट्राच्या राज्यगीताला तो दर्जा १९ फेब्रुवारी २०२३ पासून आहे, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांत त्याचा राज्यगीत म्हणून उल्लेख सापडणार नाही.

संविधान दिनासाठी भारताच्या संविधानाची शासनाने प्रसिद्ध केलेली मराठी आवृत्ती काढून घ्यावी. उद्देशिकेचे सामूहिक वाचन बहुतेक ठिकाणी होते. त्याच्या जोडीला मूलभूत हक्कांतील एखादा अनुच्छेद मोठ्याने वाचून त्यावर दहा मिनिटे बोलणे झाले, तर कार्यक्रम उपचारापुरता राहत नाही.

सणांसाठी : कोश, पंचांग आणि जनगणनेचा एक विसरलेला खंड

सणांच्या माहितीसाठी पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी संपादित केलेला दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश हे पहिले साधन होय. वटपौर्णिमा, पोळा, नारळी पौर्णिमा, भोंडला किंवा बोडण यांपैकी काहीही शोधायचे असले, तरी व्रताची रीत, त्यामागची कथा आणि निरनिराळ्या प्रांतांतील भेद एका नोंदीत मिळतात. हा कोश संदर्भ विभागातला असल्याने घरी नेता येत नाही. वही घेऊन जावे.

आपल्याच गावच्या जत्रेची किंवा उरुसाची माहिती हवी असेल, तर १९६१ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या जत्रा व उत्सवांवरचा खंड मागावा. तो इंग्रजीत आहे आणि ‘जनगणना’ या शब्दामुळे त्याकडे कोणी वळत नाही. परंतु जिल्हा आणि तालुकावार गावे, देवस्थाने, जत्रेचा महिना आणि जमणाऱ्या लोकांचा अंदाज यांची त्यातील कोष्टके पाहिली, की साठ वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्राचा सबंध उत्सवी नकाशा डोळ्यांपुढे येतो. गावच्या यात्रा समितीने आपल्या पत्रिकेत ती जुनी नोंद छापावी, असे मला मनापासून वाटते.

सणांची तारीख दरवर्षी का हलते, हा मुलांचा हमखास प्रश्न असतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि ती तूट भरून काढण्यासाठी अधिक मास धरला जातो. २०२३ साली श्रावण अधिक आला, म्हणून गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरपर्यंत लांबली. २०२५ साली ती २७ ऑगस्टलाच आली. ग्रंथालयात जुनी पंचांगे व दिनदर्शिका ठेवलेल्या असतील, तर चार-पाच वर्षांच्या तारखा मुलांकडून एका तक्त्यात उतरवून घ्याव्यात. त्याच ओघात २२ मार्च १९५७ पासून शासनाने स्वीकारलेली भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका त्यांना दाखवता येते, जिच्यात चैत्राचा पहिला दिवस २२ मार्चला आणि लीप वर्षात २१ मार्चला येतो.

मकर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक देण्याची चांगली चाल अनेक ठिकाणी पडली आहे. त्याला जोडून एक सुचवतो : वस्तीतील एखाद्या गृहिणीच्या किंवा शाळकरी मुलीच्या नावे वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरून ती पावती वाण म्हणून द्यावी. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडाही असतो, त्यामुळे अशा नव्या सभासदांसाठी एखादा छोटा कार्यक्रम ग्रंथालय आनंदाने ठेवते.

दिवाळी अंक

मराठी ग्रंथालयांचे सर्वांत मोठे ऋतुमानी साधन म्हणजे दिवाळी अंक, यात मला शंका नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून ही परंपरा सुरू आहे. बहुतेक ग्रंथालये दिवाळीच्या सुमारास स्वतंत्र दिवाळी अंक योजना जाहीर करतात : ठरावीक शुल्क भरले, की पुढील काही महिने अंक एकेक करून घरी नेता येतात. शुल्क आणि मुदत प्रत्येक ठिकाणी निराळी असते. परंतु एका घराने स्वतः विकत घ्यायचे म्हटले तर जेमतेम दोन-तीन अंक येतील एवढ्या पैशांत पंचवीस-तीस अंक वाचून होतात.

या योजनेत नाव वसुबारसेच्या आधी घालावे, कारण सुरुवातीचे सभासद आधी अंक उचलतात. गाजलेल्या चार-पाच अंकांसाठी पहिल्या आठवड्यात झुंबड असते. त्या काळात विज्ञान, आरोग्य, प्रवास, बालवाङ्मय किंवा जिल्हा पातळीवरून निघणारे अंक घ्यावेत, आणि मोठे अंक डिसेंबरच्या उत्तरार्धात निवांत वाचावेत. घरात तीन पिढ्या असतील तर प्रत्येकाच्या आवडीची यादी आधी करून ग्रंथपालांकडे द्यावी. ते अंक बाजूला काढून ठेवतातच असे नाही, पण परत आला की आवर्जून सांगतात. मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’चा अंक विसरू नये, १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक संगणकावरही मोफत उपलब्ध आहेत.

जुने दिवाळी अंक हे तर संशोधनाचे साहित्य आहे. एखाद्या ग्रंथालयात १९५० ते १९७० या काळातील बांधीव अंक मिळाले, तर त्यातील केवळ जाहिराती पाहाव्यात. कोणते साबण आणि कोणती उटणी घरांत येत होती, रेडिओची किंमत काय होती, मुखपृष्ठावरची स्त्री पणती कशी धरते, फराळाच्या ताटात काय काय आहे : दिवाळीचा सामाजिक इतिहास त्या पानांत उतरला आहे. शाळेच्या इतिहास प्रकल्पासाठी याहून उत्तम साधन मला ठाऊक नाही.

पावसाळा आणि उन्हाळ्याची सुटी

पावसाळ्यासाठी रानभाज्या, सह्याद्रीतील फुले, पक्षी आणि दुर्गभ्रमण यांवरची पुस्तके मागावीत. रानभाज्यांच्या बाबतीत चित्रावरून ओळख पटवून भाजी तोडू नये. पुस्तक घेऊन जाणत्या माणसासोबत जावे.

उन्हाळ्याच्या सुटीत पुष्कळ ग्रंथालये बालवाचकांसाठी अल्पमुदतीचे सभासदत्व, कथाकथन आणि वाचन शिबिरे ठेवतात. त्यांची सूचना एप्रिलच्या मध्याला फलकावर लागते. सातारा जिल्ह्यातील भिलार हे पुस्तकांचे गाव मे २०१७ पासून सुरू आहे; तेथे घराघरांतून विषयवार ग्रंथदालने मांडली आहेत आणि बसून वाचण्यास काही द्यावे लागत नाही. महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या कुटुंबाने एक सबंध दिवस तेथे राखून ठेवावा. ग्रंथालयांकडून होणारे इतर कार्यक्रम ठरलेल्या तारखांना असतात : २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन, आणि १४ ते २० नोव्हेंबरला राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह.

महाराष्ट्राबाहेर असाल तर

गोव्यातील वाचकांना पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय उपलब्ध आहे. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात पोर्तुगीज काळातील वृत्तपत्रे आणि ग्रंथ आहेत; १८ जूनचा क्रांतिदिन आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन यांसाठी मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज साधने एकाच छताखाली मिळणारी अशी जागा दुसरी नाही. परदेशातील मराठी मंडळांना नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून ग्रंथपेट्या मिळू शकतात. मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्राची गॅझेटियर्स संकेतस्थळांवर आहेत, तसेच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तके मोफत उतरवून घेण्यासाठी ठेवली आहेत. न्यू जर्सीत किंवा दुबईत १ मे साजरा करणाऱ्यांना सुरुवात तेथून करता येते.

वापरताना आणि वापरून झाल्यावर

बांधीव वृत्तपत्रांचा कागद आम्लामुळे पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो. पान उलटताना कोपऱ्याला धरून ओढू नये. तळहात पानाखाली सरकवून ते अलगद पलटावे, ओला हात किंवा थुंकी लावू नये आणि जवळ पेन न ठेवता पेन्सिल ठेवावी. छायाप्रत यंत्रावर असा खंड पालथा दाबला की शिवण उसवते, म्हणून परवानगी घेऊन मोबाइलने छायाचित्र काढावे, आणि पहिल्या छायाचित्रात वृत्तपत्राचे नाव व तारीख येईल असे पाहावे. नाही तर घरी आल्यावर कोणती बातमी कोठली हे समजत नाही. नाटिका किंवा कविता कार्यक्रमात घ्यायची असल्यास लेखकाचे नाव जाहीर करावे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क असतो, त्यामुळे हल्लीच्या लेखनाच्या प्रती छापून वाटण्याआधी परवानगी घ्यावी लागते.

कार्यक्रम पार पडल्यावर त्याचे साहित्य ग्रंथालयात जमा करावे. भाषणाची स्वच्छ प्रत, मंडळाची स्मरणिका, गावातील एखाद्या वृद्ध स्वातंत्र्यसैनिकाच्या कुटुंबाने सांगितलेली आणि आपण लिहून घेतलेली आठवण, जुन्या प्रभातफेरीचे छायाचित्र : हे सारे पुढच्या वर्षी कोणाला तरी हवे असते आणि ते देणारी दुसरी जागा गावात नसते. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलने तारीख, गाव, चित्रातील व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे आणि माहिती कोणाकडून मिळाली ते लिहावे, घरच्यांची संमती घ्यावी, आणि ग्रंथपालांकडून दाखल नोंदवहीत त्याचा क्रमांक पडल्याची खात्री करून मगच निघावे, कारण क्रमांक न पडलेला कागद पुढच्या साफसफाईत रद्दीत जातो.